रुग्णाची पोषण-तपासणी: एका साध्या प्रश्नाला लागलेला वेळ

आजारपणात माणूस खंगतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच कदाचित त्याची नोंद करावी असं फार उशिरा सुचलं. अन्न मुबलक असूनही दरवर्षी हजारो रुग्ण उपाशी राहतात, कारण त्यांना ते खाता यावं याकडे लक्षच दिलं जात नाही, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहिलं होतं.

आकडे आले १९३६ मध्ये. क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी पेप्टिक अल्सरची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यापैकी ३३ टक्के दगावले; बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ३.५ टक्के होतं. इतका ढळढळीत फरक दिसूनही पुढची काही दशकं रुग्णालयांच्या कामात फारसा बदल झाला नाही, याचं वाईट वाटतं.

१९७४ मध्ये अमेरिकी डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी आपल्याच व्यवसायाला खडसावलं: रुग्णालयात दाखल असतानाच रुग्णाचं कुपोषण वाढतं आणि त्याची उंची-वजनही कुणी लिहून ठेवत नाही. मग मोजमापांचा काळ आला. दंडाचा घेर, त्वचेच्या घडीची जाडी, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन. यातल्या अल्ब्युमिनवर बराच काळ नको इतका भरवसा ठेवला गेला. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की ते घटतं, मग माणूस नीट जेवत असला तरीही.

टोरंटोच्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये दाखवलं, की रुग्णाची नीट विचारपूस आणि बारकाईने केलेली शारीरिक तपासणी या मोजमापांच्या तोडीस तोड ठरते. त्यातूनच १९८७ मध्ये ‘सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट’ ही पद्धत मांडली गेली. वजन किती घटलं, खाणं किती कमी झालं, स्नायू झडलेत का, असं ती विचारते.

पण असं सविस्तर मूल्यमापन प्रत्येक रुग्णाचं कोण करणार? १९९४ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या पाहणीत दाखल होणाऱ्या ५०० पैकी सुमारे ४० टक्के रुग्ण कुपोषित आढळले, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांहून अधिकांच्या केसपेपरवर पोषणाविषयी काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून काम दोन टप्प्यांत विभागणं भाग होतं: दाखल होताच परिचारिकेने दोन-चार प्रश्नांत धोका ओळखायचा, मग आहारतज्ज्ञाने खोलात जायचं. ऑस्ट्रेलियात ‘एमएसटी’, ब्रिटनमध्ये ‘मस्ट’, युरोपात ‘एनआरएस-२००२’ या पद्धती याच गरजेतून घडल्या.

कुपोषणाच्या निदानासाठीच्या २०१९ च्या ‘ग्लिम’ निकषांनी जगभरच्या तज्ज्ञांना एका व्याख्येपाशी आणलं. त्यांत नकळत घटलेलं वजन हा स्वतंत्र निकष आहे. त्यामुळे अंगाने भरलेला रुग्णही कुपोषित ठरू शकतो, आणि नुसत्या नजरेतून निसटतो तो बहुधा हाच.