नीती आणि कायदा

बरेवाईट ठरवणाऱ्या ज्या समजुती समाजाच्या अंगवळणी पडलेल्या असतात, त्यांना नीती म्हणतात. कायदा राज्यसंस्था करते आणि तो मोडल्यास शिक्षाही तीच देते.

नीती ईश्वराने घालून दिली, असे बहुतेक धर्म मानतात. तत्त्वज्ञांपैकी कांटने तिचे मूळ विवेकबुद्धीत पाहिले, ह्यूमने भावनेत. कळपाने राहणाऱ्या प्राण्यांतील परस्परांविषयीच्या ओढीतूनच, बुद्धी वाढल्यावर, सदसद्विवेक उपजला असावा, असे डार्विनने १८७१ मध्ये मांडले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅपुचिन माकडांना हातातला खडा परत दिला की काकडीचा तुकडा मिळे. शेजारणीला त्याच कामाचे द्राक्ष मिळताना दिसले, की एरवी आवडीने खाल्ली जाणारी काकडी पुष्कळदा नाकारली जाई, कधी फेकूनही दिली जाई. ही न्यायबुद्धी की नुसती निराशा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दीड वर्षाची मुले मात्र अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू कोणी न सांगता उचलून देतात.

कळपात वाढलेली आपुलकी वेशीपाशी थबकते, ही नीतीची सर्वांत मोठी उणीव. गावातल्या गावात अत्यंत सरळ वागणारी माणसे वेशीबाहेरच्यांना पाणी नाकारतात आणि त्यालाच धर्म समजतात.

कायद्याची चौकट निराळी. अनोळखी माणूस बुडत असताना काठावर उभे राहणाऱ्याला लोक जन्मभर नावे ठेवतील, पण भारतात सहसा त्याच्यावर खटला होणार नाही. कायदा ठरावीक दिवशी लागू होतो, रद्दही होतो; रूढी अशी हुकुमाने जात नाही.

महाडला हे उघड दिसले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरीही पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या सत्याग्रहींना मारहाण झाली. तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. त्या वेळी नीतिमान म्हणवणारेच अन्यायाच्या बाजूने उभे होते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

स्पृश्यांनी लावलेला दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला, तो अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही म्हणून. अस्पृश्यता हाच अन्याय असल्याचे म्हणणारा कायदा देशभर लागू व्हायला संविधानाचे कलम १७ यावे लागले.