रेंजसाठी मोडेमची अदलाबदल : फर्मवेअर बदलून पाहण्याच्या प्रघाताची पार्श्वभूमी

फोनला रेंज नीट मिळत नसेल तर त्याच्या मोडेमचे, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाचे, फर्मवेअर (त्या भागात बसवलेला प्रोग्रॅम) बदलून पाहावे, हा सल्ला आज फारसा कानावर येत नाही. २००८ ते २०१५ या काळात मात्र अँड्रॉइड फोनशी खटपट करणाऱ्यांमध्ये तो सर्रास दिला जाई आणि पाळलाही जाई. एकाच फोनसाठी निघालेल्या डझनावारी मोडेम आवृत्त्या जमवायच्या, त्या आळीपाळीने फोनमध्ये टाकायच्या आणि कोणत्या आवृत्तीत पडद्यावर रेंजच्या किती कांड्या दिसतात ते एकमेकांना कळवायचे, असा हा उद्योग होता. त्यातून काहींना खरोखर फायदा झाला. पुष्कळांना तो झाल्यासारखा वाटला, आणि काहींचे फोन कायमचे निकामी झाले.

या प्रघाताचे मूळ फोनच्या रचनेत आहे. स्मार्टफोनमध्ये वस्तुतः दोन संगणक असतात. एकावर अँड्रॉइडसारखी कार्यप्रणाली आणि तिची ॲप्स चालतात, तर दुसरा, म्हणजे मोडेम किंवा बेसबँड, फक्त टॉवरशी बोलण्याचे काम करतो. ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनमधल्या क्वालकॉमच्या चिपमध्ये ही विभागणी उघड दिसते : ॲप्ससाठी एआरएम ११ जातीचा गाभा (प्रोसेसर) आणि रेडिओसाठी वेगळा एआरएम ९ जातीचा गाभा. या दुसऱ्या संगणकाची स्वतःची वेगळी कार्यप्रणाली असते आणि तिचा मूळ मजकूर (सोर्स कोड) चिप बनवणाऱ्या कंपनीखेरीज सहसा कोणालाच पाहता येत नाही. आसपासचे टॉवर शोधणे, त्यांची ताकद मोजून नेटवर्कला कळवणे, चालू कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर सोपवला जात असताना तो तुटू न देणे, आणि थ्रीजीच्या काळात सेकंदाला १५०० वेळा आपल्या प्रक्षेपणाची शक्ती कमीजास्त करणे, ही सारी कामे तीच प्रणाली करते. फोनमधला प्रोग्रॅम बदलून रेंजवर परिणाम होऊ शकतो, ही कल्पना म्हणूनच मुळात चुकीची नव्हती.

अँड्रॉइडच्या आधीही ही सवय होती. २००२मध्ये ओटू कंपनीने एक्सडीए नावाने विकलेला आणि एचटीसीने बनवलेला फोन, आणि त्यानंतरचे विंडोज मोबाइलवर चालणारे फोन, यांत कार्यप्रणालीचा रॉम (फोनमध्ये साठवलेला प्रोग्रॅमचा संच) आणि रेडिओचा, म्हणजे मोडेमचा, रॉम स्वतंत्र असत. एक न बदलता दुसरा बदलता येई. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांनी हीच मांडणी उचलली आणि तिचे धोकेही सोबत आले. एचटीसी ड्रीम आणि मॅजिक या फोनांत रेडिओची आवृत्ती आणि बूटलोडरची, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती यांचा मेळ नसला, तर फोन पुन्हा सुरूच होत नसे. अशा रीतीने निर्जीव झालेल्या फोनाला ‘ब्रिक’ झाला असे म्हणत आणि तो शब्द आजही टिकून आहे.

मोडेममधल्या सुधारणेने कॉलची गुणवत्ता बदलते याची कबुली कंपन्यांकडूनही मिळत होती. २००८च्या उन्हाळ्यात आलेल्या आयफोन थ्रीजीबद्दल कॉल तुटण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा ॲपलने सप्टेंबरमध्ये २.१ ही आवृत्ती काढली आणि तिच्या वैशिष्ट्यांत कॉल न लागणे व मध्येच तुटणे यांचे प्रमाण कमी झाल्याचे नमूद केले. ॲपलच्या फोनांत मात्र बेसबँड बदलण्याचा खटाटोप मुख्यतः रेंजसाठी नसे; एका कंपनीला बांधलेला फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालावा, एवढाच त्याचा हेतू असे. २०१०च्या अखेरीस आयफोन थ्रीजी आणि थ्रीजीएसमध्ये चक्क आयपॅडचा ०६.१५ क्रमांकाचा बेसबँड टाकून सिमचे कुलूप उघडण्याची युक्ती निघाली. कुलूप उघडले, पण त्या फोनांचे जीपीएस बंद पडले. दुसऱ्या उपकरणाचे फर्मवेअर चालते म्हणजे सगळेच चालते असे नाही, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच झाले असेल.

मोडेम बदलण्याच्या छंदाला खरा बहर आला तो सॅमसंगच्या गॅलेक्सी एस आणि एस टू या फोनांबरोबर, २०१० ते २०१२च्या सुमारास. सॅमसंगच्या सेवा केंद्रांसाठी असलेला ओडिन हा संगणकावरचा प्रोग्रॅम बाहेर सर्वत्र पसरला होता. त्यात पीडीए, फोन आणि सीएससी असे वेगवेगळे रकाने होते आणि त्यांतल्या ‘फोन’ रकान्यात फक्त मोडेमची फाइल टाकता येत असे. बाकीचा फोन, त्यातले संपर्क, संदेश, छायाचित्रे यांना धक्का लागत नसे. पुढच्या काळात याच रकान्याला सीपी, म्हणजे कम्युनिकेशन प्रोसेसर, असे नाव मिळाले. सॅमसंग एकच फोन अनेक देशांत विकत असे आणि प्रत्येक प्रदेशासाठी फर्मवेअरची स्वतंत्र बांधणी (बिल्ड) काढत असे. बांधणीच्या नावातली अक्षरे प्रदेश सांगत, जसे युरोपसाठी एक्सएक्स आणि भारतासाठी डीडी. यंत्र तेच असल्यामुळे युरोपचा मोडेम भारतातल्या फोनात बिनतक्रार चाले. भारतात थ्रीजीच्या लिलावातून खासगी कंपन्यांना २१०० मेगाहर्ट्झच्या लहरींचे पट्टे मिळाले तेही २०१०मध्येच, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून त्यांच्या सेवा सुरू झाल्या. नवे नेटवर्क आणि नवा फोन एकाच वेळी हाती आल्याने दोष कोणाचा हे ठरवणे सामान्य ग्राहकाला अवघड होते. टॉवर आपल्या हातात नसतो, फर्मवेअर मात्र असते.

आवृत्तीआवृत्तींत फरक का पडे, याचे उत्तर ‘एका मोडेमची ताकद जास्त’ असे नव्हते. शेजारचे टॉवर किती वेळाने मोजायचे, थ्रीजीवरून टूजीवर कधी उतरायचे, माहितीची देवाणघेवाण संपल्यावर जोडणी किती लवकर सोडायची, अशा निर्णयांचे ठोकताळे आवृत्तीनुसार बदलत. शेवटच्या मुद्द्याला ‘फास्ट डॉर्मन्सी’ म्हणतात. नेटवर्क ती नीट सांभाळत नसेल तर फोन वारंवार जोडणी सोडून पुन्हा मागत राही आणि बॅटरी उतरे. सॅमसंगच्या काही फोनांत तर एक सांकेतिक क्रमांक फिरवून ती बंद करण्याची सोयच होती. त्यामुळे ‘या मोडेमवर बॅटरी जास्त टिकते’ हा अनुभव बहुधा खरा असे, पण तो एका विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट शहरातल्या नेटवर्कपुरता खरा असे. दुसऱ्या गावातल्या माणसाने तोच मोडेम टाकून तोच परिणाम मिळण्याची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते. शिवाय अँड्रॉइड आणि मोडेम यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा रेडिओ इंटरफेस लेअर हा भाग जुनाच ठेवून केवळ मोडेम बदलला, तर मेळ बिघडून रेंज आणखी खालावण्याचीही शक्यता असे. जाड भिंतींच्या घरात, २१०० मेगाहर्ट्झच्या लहरी जिथे पोचता पोचता थकत, तिथे फोन फक्त टूजीवर ठेवला की ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल मिळून कॉल टिके. या साध्या उपायाने मोडेमच्या अदलाबदलीपेक्षा जास्त लोकांचे काम भागले असावे, असे माझे मत आहे.

या साऱ्या प्रयोगांचा कच्चा दुवा म्हणजे मोजमाप. बहुतेक जण कांड्या मोजत, आणि कांड्या हे सिग्नलचे माप नव्हे. मोजलेल्या आकड्याचे किती कांड्यांत रूपांतर करायचे हे फोन बनवणारा ठरवतो. जुलै २०१०मध्ये याचा जाहीर पंचनामा झाला. आयफोन ४ विशिष्ट तऱ्हेने हातात धरला की रेंज पडते, अशी ओरड झाल्यावर ॲपलने २ जुलैला पत्रक काढून सांगितले की कांड्या ठरवण्याचे आपले सूत्रच चुकीचे आहे आणि पुष्कळदा दोन कांड्या जास्त दाखवल्या जातात. १५ जुलैला आलेल्या ४.०.१ या आवृत्तीत सूत्र बदलले. हातात धरल्यावर अँटेनाची कार्यक्षमता घटते हे वास्तव त्याने बदलले नाही, बदलली ती फक्त पडद्यावरची नक्षी. हीच गोष्ट उलट दिशेनेही घडू शकते : एखाद्या आवृत्तीत सूत्र उदार केले की त्याच जागी, त्याच सिग्नलवर एक कांडी वाढते आणि वापरणारा खूष होतो.

खरा आकडा डीबीएममध्ये मोजतात आणि तो ऋण असतो. उणे ८५ हा चांगला, तर उणे ११० हा जेमतेम. हे माप लघुगणकी असल्याने दहाचा फरक म्हणजे शक्तीत दसपट फरक. अँड्रॉइडमध्ये हा आकडा सेटिंग्जमध्ये आत कुठेतरी दिसतो, आणि सॅमसंगच्या फोनात तारका, चौकट, ००११ व पुन्हा चौकट असा क्रमांक फिरवला की टॉवर, पट्टा आणि सिग्नल यांचा सविस्तर तक्ता उघडतो. पण आकडा पाहूनही फसगत होते. इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे फोन टेबलावर हातभर सरकवला तरी आकडा दहाने हलू शकतो, आणि थ्रीजीत टॉवरवरचा भार वाढला की त्याचे क्षेत्रच आकसते. सकाळी एक मोडेम आणि संध्याकाळी दुसरा, अशी तुलना करून काढलेल्या निष्कर्षांना म्हणूनच फारसा अर्थ नव्हता. दोन सारखे फोन, एकाच कंपनीची दोन सिम आणि शेजारी शेजारी एकाच वेळी नोंदी, एवढी शिस्त पाळणारे विरळाच.

फर्मवेअरने काय साधते आणि काय साधत नाही, याचा सर्वांत बोलका दाखला नेक्सस ४ या फोनाचा आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये आलेला हा फोन थ्रीजीचा म्हणून विकला गेला, पण त्यातल्या क्वालकॉमच्या मोडेमला एलटीई, म्हणजे फोरजी, येत होते. अँड्रॉइडच्या छुप्या चाचणी पडद्यावर एक पर्याय निवडला की कॅनडातल्या चौथ्या क्रमांकाच्या पट्ट्यावर फोरजी सुरू होई. फेब्रुवारी २०१३मध्ये ४.२.२ ही आवृत्ती आली, तिच्यातल्या नव्या रेडिओने ही वाट बंद केली, आणि लोकांनी जुना रेडिओ परत टाकून ती पुन्हा उघडली. इथे मोडेम बदलल्याचा फायदा निर्विवाद होता, कारण बदल होता-नव्हता अशा स्वरूपाचा होता. मात्र एवढ्या एका पट्ट्यापलीकडे तो जाऊ शकला नाही. इतर पट्ट्यांसाठी लागणारे गाळणे (फिल्टर) आणि प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) त्या फोनात नीट बसवलेलेच नव्हते आणि कोणताही प्रोग्रॅम ते निर्माण करू शकत नाही.

धोक्यांची बाजू भारतातल्या वाचकांसाठी अधिक गंभीर आहे. फोनची ओळख सांगणारा आयएमईआय क्रमांक आणि कारखान्यात केलेली रेडिओची जुळणी एका वेगळ्या कप्प्यात साठवलेली असते. सॅमसंगमध्ये तो ईएफएस म्हणून ओळखला जातो. घाईत केलेल्या फ्लॅशिंगमध्ये, म्हणजे फर्मवेअर फोनमध्ये भरताना, हा कप्पा बिघडला की गॅलेक्सी एसवर ००४९९९ने सुरू होणारा एक सरसकट क्रमांक दिसू लागे, किंवा बेसबँडच्या जागी ‘अननोन’ एवढेच. भारतात ३० नोव्हेंबर २००९नंतर वैध आयएमईआय नसलेल्या हँडसेटची सेवा बंद करण्याचा आदेश होता, त्यामुळे असा फोन हाती असून नसल्यासारखाच. पुढे २०१७च्या नियमांनी या क्रमांकात हेतुपुरस्सर फेरफार करणे गुन्हा ठरवले आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मोडेमचे फर्मवेअर बदलणे आणि आयएमईआय बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पण बिघडलेला क्रमांक ‘दुरुस्त’ करून देणाऱ्या दुकानांत ही सीमारेषा सहज ओलांडली जाई.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले. जिओकडे टूजी आणि थ्रीजी नव्हतेच. कॉलही फोरजीवरूनच, म्हणजे व्होल्टीईने करावा लागे. ज्यांच्या फोनात फोरजी होते पण व्होल्टीई नव्हते त्यांना पूर्ण रेंज असूनही साधा कॉल करता येत नव्हता आणि कंपनीच्या वेगळ्या ॲपचा आधार घ्यावा लागे. तोपर्यंत क्वालकॉमच्या मोडेममध्ये प्रत्येक नेटवर्क कंपनीसाठी एमबीएन नावाच्या छोट्या फाइली येऊ लागल्या होत्या. व्होल्टीई चालू ठेवायचे का आणि कोणत्या अटींवर, ते या फाइली सांगत. त्यामुळे खटपट्यांनी अख्खा मोडेम बदलण्याऐवजी योग्य एमबीएन निवडण्याकडे मोर्चा वळवला. हेच सूत्र सहा वर्षांनी फाइव्हजीच्या वेळी मोठ्या प्रमाणावर दिसले. १ ऑक्टोबर २०२२ला देशात फाइव्हजी सुरू झाले, एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर होती, पण फाइव्हजीचे म्हणून विकत घेतलेले अनेक फोन तिथेही फोरजीवरच राहिले. आयफोनवर ते चालू झाले डिसेंबरात, आयओएस १६.२ आल्यावर. यंत्र तयार होते, परवानगी फर्मवेअरमधून यायची होती.

दरम्यान वापरणाऱ्याने स्वतः मोडेम बदलण्याची वाट अरुंद होत गेली. मोडेमच्या फाइलीवरची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाऊ लागली, जुन्या आवृत्तीकडे परतण्यास अटकाव आला, आणि बूटलोडर उघडला की बँकांची ॲप्स रुसू लागली. तरी इच्छा संपली नव्हती. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या पिक्सेल ६मध्ये सॅमसंगचा मोडेम होता आणि त्याच्या कमकुवत रेंजबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या अपडेटने कॉल तुटू लागल्यामुळे गूगलला ते थांबवावे लागले आणि दुरुस्ती जानेवारी २०२२मध्ये आली. पण जुना मोडेम धरून बसणे किती महाग पडू शकते, हे मार्च २०२३मध्ये गूगलच्याच सुरक्षा पथकाने दाखवून दिले. सॅमसंगच्या एक्सिनॉस मोडेमांत त्यांना १८ त्रुटी सापडल्या होत्या आणि त्यांतल्या चार अशा होत्या की केवळ फोन नंबर ठाऊक असला तरी दूरवरून मोडेमचा ताबा घेता यावा. दुरुस्ती येईपर्यंत व्होल्टीई आणि वायफाय कॉलिंग बंद ठेवा, असा सल्ला तेव्हा देण्यात आला.

मोडेमचा मजकूरच खुला असावा असे मानणाऱ्यांनी वेगळी वाट धरली होती. ऑस्मोकॉमबीबी या २०१०मधल्या प्रकल्पाने मोटोरोला सी१२३ या साध्या फोनासाठी जीएसएम या टूजी तंत्राचे मुक्त फर्मवेअर लिहिले, पण ते टूजीपुरतेच राहिले. पाइनफोन या लिनक्सवर चालणाऱ्या फोनाच्या क्वेक्टेल मोडेमसाठीही हौशी मंडळींनी बरेचसे मुक्त फर्मवेअर तयार केले आणि फोन झोपेतून जागा होताना येणाऱ्या काही अडचणी त्यातून सुटल्या. टॉवरशी प्रत्यक्ष बोलणारा भाग मात्र तिथेही क्वालकॉमचा बंद मजकूरच राहिला.