ग्रंथालयाचे दैनंदिन कामकाज : लहान गावातील सार्वजनिक ग्रंथालय

मोठ्या ग्रंथालयात खरेदी, वर्गीकरण, देवघेव, संदर्भसेवा आणि जतन यांसाठी वेगवेगळे विभाग असतात. लहान गावातील सार्वजनिक ग्रंथालयात ही सगळी कामे दोन-तीन माणसांवर, कित्येकदा एकट्या ग्रंथपालावर असतात. सकाळी ज्याने पुस्तके कपाटात लावली, तोच दुपारी देवघेवीच्या टेबलावर बसतो आणि पुढच्या खरेदीची यादीही तोच करतो. यात दमणूक मोठी आहे. मात्र वाचक आणि संग्रह या दोहोंची इतकी जवळची ओळख मोठ्या ग्रंथालयात क्वचितच कोणाला होते.

दिवसाची सुरुवात दार उघडण्याआधी होते. वृत्तपत्रांवर शिक्के मारून ती वाचनकक्षात लावायची, नियतकालिकांच्या नव्या अंकांची नोंद करायची आणि आदल्या दिवशी परत आलेली पुस्तके जागेवर ठेवायची. हे शेवटचे काम हलके समजून नवख्याकडे किंवा स्वयंसेवकाकडे सोपवले जाते, पण ग्रंथालयाचे बाकीचे सगळे काम त्याच्यावर उभे असते. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक तालिकेत, म्हणजे संग्रहाच्या यादीत, ‘उपलब्ध’ दिसते आणि वाचकाला मात्र सापडत नाही. ते हरवल्यातच जमा. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात नवख्याची एक चूक हमखास होते. ५१३.१२ आणि ५१३.२ यांत आधी कोणते? बारा हा आकडा दोनापेक्षा मोठा म्हणून तो ५१३.२ आधी आणि ५१३.१२ मागाहून ठेवतो. पण दशांश चिन्हापुढचे अंक एकेक करून वाचायचे असतात, त्यामुळे ५१३.१२ आधी येते. अशा चुका शोधण्यासाठी कर्मचारी रोज थोडी कपाटे क्रमाने तपासतात : वरच्या खणाच्या डाव्या टोकापासून सुरुवात, प्रत्येक कण्यावरचा बोधांक (पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक) वाचत खाली यायचे आणि मग शेजारचे कपाट. खण गच्च भरायचा नाही. पुस्तक काढताना वाचक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतो आणि बांधणी नेमकी तिथेच फाटते. शेजारची दोन पुस्तके किंचित आत ढकलून हवे ते मधोमध धरून काढावे, ही पद्धत सांगायला अर्धे मिनिट लागते आणि तिने पुस्तकाचे आयुष्य वाढते.

कपाटे वाचकांसाठी खुली असतात म्हणून हा सगळा खटाटोप. पूर्वी वाचकाने चिठ्ठी द्यायची आणि कर्मचाऱ्याने आतून पुस्तक आणून द्यायचे, अशी रीत होती. ब्रिटनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत मुक्तद्वार पद्धत जेम्स डफ ब्राउन यांनी लंडनच्या क्लार्कनवेल ग्रंथालयात १८९४ मध्ये सुरू केली. वाचकाला पुस्तक हाताळून निवडता आले, आणि विस्कटलेली कपाटे लावण्याचे काम कर्मचाऱ्यांच्या वाट्याला कायमचे आले.

देवघेवीच्या टेबलावरचे काम वरवर यांत्रिक आहे. जुन्या पद्धतीत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या नावाच्या कागदी खिशात घालून तारखेनुसार खोक्यात लावत आणि पुस्तकातल्या तारीखपट्टीवर परतीचा शिक्का मारत. आता बहुतेक ठिकाणी बारकोड आणि संगणक आहे. या बदलात एका लहान गावाच्या ग्रंथालयाचा मोठा वाटा आहे. न्यूझीलंडमधील लेविन येथील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणकप्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती. त्यांनी नवी प्रणाली तयार करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि सर्वांसाठी मुक्त केली. तीच ‘कोहा’. आज जगभरातील लहानमोठी ग्रंथालये ती वापरतात. यंत्र आले तरी परत आलेले पुस्तक उघडून पाहावेच लागते. ओली झालेली पाने, सुटलेला फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा), मुलाने रेघोट्या मारलेली चित्रे, खूण म्हणून ठेवलेली बिले आणि पत्रे हे सगळे तिथेच लक्षात येते.

याच टेबलावर संदर्भसेवाही चालते आणि कर्मचाऱ्याचा खरा कस तिथे लागतो. वाचक पहिल्यांदा विचारतो ते त्याला हवे असतेच असे नाही. ‘वैद्यकाची पुस्तके कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्याला कपाट दाखवले की उत्तर दिल्यासारखे वाटते. ‘कशाबद्दल हवंय?’ असे सहज विचारले, तर आईला नुकत्याच झालेल्या मधुमेहात आहार कसा ठेवावा हे त्याला जाणून घ्यायचे असते, असे कळते. मग सोप्या भाषेतले, अलीकडचे पुस्तक निवडून देता येते. इथे मर्यादाही पाळायची असते. कर्मचारी माहिती काढून देतो; औषधोपचाराचा किंवा कायद्याचा सल्ला देणे त्याचे काम नाही. शिवाय गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. कोणी घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक नेले, कोणी व्यसनमुक्तीचे, ही गोष्ट टेबलापलीकडे जाता कामा नये. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतच वाचकाची खासगी माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. ते पाळण्याची सर्वाधिक गरज लहान गावातच असते.

नवे पुस्तक आले की ते बिलाशी ताडून पाहतात आणि दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक देतात. शीर्षकपानाबरोबरच एका ठरावीक आतल्या ‘गुप्त पाना’वरही शिक्का मारतात, पहिले पान फाडले तरी पुस्तक कोणाचे हे त्यावरून कळते. नंतर वर्गीकरण. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लहान ग्रंथालयांत आजही तीच सर्वाधिक रुळलेली आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांची द्विबिंदू ही वर्गीकरण पद्धती १९३३ ची. तिच्यात विषयाचे पैलू अधिक नेमके मांडता येतात, मात्र तिचे लांबलचक बोधांक लहान संग्रहाला पेलत नाहीत. रंगनाथन यांनीच १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र इथे निर्णायक ठरावे. पुस्तक दोन विषयांत बसत असेल, तर आपला वाचक ते आधी कुठे शोधेल तिथे ठेवणे योग्य.

दुरुस्तीत चांगल्या हेतूने सर्वाधिक नुकसान होते ते चिकटपट्टीमुळे. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि मग पट्टी काढताना अक्षरेही निघून येतात. फाटलेल्या पानाला पातळ, लांब तंतूंचा कागद आणि पिठाची खळ वापरावी. छत गळून पुस्तके भिजली, तर दोन दिवसांच्या आत ती सुकवायला हवीत, नाहीतर बुरशी धरते. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली उभी ठेवायची. उन्हात ठेवली तर ती वेडीवाकडी होतात. कसर आणि वाळवी यांना दमट, अंधारी, न हलवलेली जागा मानवते, त्यामुळे झाडलोट हेही जतनाचेच काम आहे.

साठा पडताळणी वर्षाकाठी किंवा ठरावीक मुदतीने होते. तिच्या जोडीने पुस्तके बाद करणे हे अवघड काम येते. बाद पुस्तके दिसली की गावकरी हळहळतात, रागावतातही. पण कालबाह्य औषधमाहिती किंवा बदललेल्या कायद्याचे पुस्तक कपाटात ठेवणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे. गावाचा स्थानिक इतिहास, स्मरणिका, इतरत्र न मिळणारी पुस्तिका मात्र कोणी वर्षानुवर्षे मागितली नसली तरी बाद करू नये.

मुलांसाठी गोष्टींचा तास, परीक्षार्थींसाठी जागा, ऑनलाइन अर्ज भरायला मदत, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरपोच पुस्तके ही कामे आता नित्याची झाली आहेत. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनामा १९४९ मध्ये निघाला आणि १९७२, १९९४ व २०२२ मध्ये नव्याने लिहिला गेला. वय, वंश, लिंग, धर्म, भाषा वा सामाजिक स्थान न पाहता सर्वांना सेवा, हे त्याचे तत्त्व. ते पाळण्यासाठी कर्मचाऱ्याला रोज कोणाच्या ना कोणाच्या शेजारी बसावे लागते, आणि हा वेळ अहवालात कुठेच दिसत नाही.

अहवालात शक्यतो सगळे उतरावे म्हणून दिवसाअखेर मोजदाद होते : किती पुस्तके गेली, किती आली, किती वाचक आले. घरी न नेता तिथेच बसून वाचलेली पुस्तके देवघेवीच्या नोंदीत येत नाहीत. त्यासाठी टेबलांवर राहिलेली पुस्तके मोजतात आणि मगच कपाटात लावतात. ‘वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवा’ या सूचनेमागे दोन कारणे आहेत : पुस्तक चुकीच्या खणात जाऊ नये आणि वाचनाची नोंद राहावी. कोश, नकाशे, जुने अंक यांचा वापर बहुधा एवढ्याच नोंदीतून कळतो, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी तरतूद मागताना ग्रंथपाल हेच आकडे समितीपुढे ठेवतो.