पुराआधीचा बर्फ, अवकाशातून

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ऑल्बनी नदी जेम्स उपसागराला मिळते, तिथून थोडं अलीकडे काठावर काशेचेवान हे क्री आदिवासींचं गाव आहे. बारमाही रस्ता गावाला नाही. हिवाळ्यात सगळं गोठलं की बर्फावरून गाड्या जातात, एरवी मुख्य भरवसा विमानाचाच. गाव नदीच्या पूरपट्ट्यातच वसवलं गेलं आणि मग भोवती मातीचा बंधारा घातला गेला. २००४ पासून जवळजवळ दर वसंतात पुराच्या धोक्यामुळे इथली माणसं विमानांनी दूरच्या शहरांत हलवावी लागतात. २०२० मध्ये कोविडमुळे शहरांत जाणं धोक्याचं होतं, तेव्हा अनेक कुटुंबं आपल्या परंपरागत शिकारीच्या तळांवर जाऊन राहिली.

या पुराला पाऊस कारण नाही. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, त्यामुळे वरच्या अंगाचा बर्फ आधी फुटतो आणि मुखाजवळचा अजून घट्ट असतो. वाहत आलेले तुकडे त्या घट्ट बर्फावर आदळतात, एकमेकांवर चढतात, त्यांचा बांध तयार होतो. मागचं पाणी मग काही तासांतच काठ ओलांडतं.

म्हणूनच, माझ्या मते, इथे पुराच्या नकाशापेक्षा त्याआधीचा बर्फाचा नकाशा मोलाचा आहे. पाणी घरात शिरल्यावर ते कुठवर आलंय हे गावकऱ्यांना उपग्रहाने सांगायची गरज नसते. बांध कुठे धरतोय, वरच्या अंगाला किती बर्फ सुटलाय, खाली मोकळं पाणी आहे की नाही, हे आधी कळलं तर विमानं वेळेवर बोलावता येतात.

हे काम रडार करतं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं आणि अंधारातलं दिसत नाही, आणि वसंतात तिथे ढग काही कमी नसतात. कॅनडाचे रडारसॅट उपग्रह साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास तरंगलांबीच्या रेडिओलहरी तिरप्या सोडतात आणि परत आलेला अंश टिपतात. आरशावर बॅटरीचा झोत तिरपा मारला तर उजेड पलीकडे निघून जातो. शांत पाण्यावरून लहरी तशाच निसटतात, म्हणून मोकळं पाणी प्रतिमेत काळं दिसतं. उलट, अस्ताव्यस्त रचलेल्या बर्फाच्या कडा लहरींना चहूकडे उधळतात, त्यातल्या बऱ्याच उपग्रहाकडे परततात आणि तो भाग पांढराशुभ्र उमटतो. एकसंध, गुळगुळीत बर्फ या दोन्हींच्या मधल्या करड्या छटांत असतो. दोन दिवसांच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की पांढरा पट्टा कुठे लांबतोय ते कळतं. असे नकाशे कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्यातली आपत्कालीन सेवा तयार करते.

पण इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. वितळू लागलेला ओला हिमथर रडारच्या लहरी शोषून घेतो आणि पाण्यासारखाच काळा दिसतो. वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर तरंग उठतात आणि तेच पाणी उजळ होतं. सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे पाण्यात उभं असलेलं जंगल. लहर आधी पाण्यावर आणि मग खोडावर, किंवा उलट, अशी दोनदा आपटून थेट उपग्रहाकडे परतते, त्यामुळे बुडालेली झाडी कोरड्या झाडीपेक्षा जास्त उजळ दिसते. काळं म्हणजे पाणी एवढाच नियम संगणकाला शिकवला, तर तो हिमाच्छादित माळाला तळं ठरवील आणि पुरात उभ्या जंगलाला कोरडं.

लांब लहरी पानाफांद्यांतून जास्त आत शिरतात, म्हणून झाडीखालचं पाणी शोधायला त्या बऱ्या. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या इस्रो आणि नासाच्या निसार उपग्रहावर २४ सेंटिमीटरच्या लहरींचं रडार आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीचा पूर किती पसरला तेही ढगांच्या वरून रडारनेच दाखवलं होतं, पण ते पाणी कित्येक दिवस ठाण मांडून होतं. बर्फाचा बांध तेवढी उसंत देत नाही. निसार त्याच जागी त्याच कोनातून १२ दिवसांनी येतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर ऑल्बनीचा पहारा करता येणार नाही.

इथे नेमकेपणापेक्षा वारंवारता महत्त्वाची ठरते. रडारसॅट-२ हा २००७ चा उपग्रह २४ दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येतो. जून २०१९ मध्ये कॅनडाने एकसारखे तीन उपग्रह एकदम सोडले, आणि आता तिरपा कोन बदलत देशाचा बहुतेक भाग जवळपास रोज टिपता येतो.

तरीही दोन फेऱ्यांच्या मधल्या तासांत बांध धरू शकतो. म्हणून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या आणि काठावरची माणसं लागतातच. नकाशावरचा काळा डाग ओला हिम आहे की चढलेलं पाणी, हे त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं शिकार करणारा माणूस एका नजरेत सांगतो. त्याचं ते उत्तर प्रतिमा वाचणाऱ्यापर्यंत त्याच दिवशी पोचायला हवं, म्हणजे पुढच्या प्रतिमेत तसाच डाग दिसला तर तो कसा वाचायचा हे त्याला कळेल.