फेब्रुवारीतले जास्तीचे शंभर रुपये

फेब्रुवारीच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचा आकडा 200 वरून 300 होतो. नांदेड-लातूरकडं शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, हे शंभर कशाचे? अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, म्हणजे वर्षाचे 2500. राज्याला त्यापुढं जाता येत नाही, कारण ही मर्यादा थेट राज्यघटनेत, अनुच्छेद 276 मध्ये आहे.

या कराचं मूळ 1972 च्या दुष्काळात आहे. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही मदत म्हणून मिळालेली सुकडी आणि मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकर आठवते. विहिरी आटल्या, गावंच्या गावं खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला गेली. मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. मागेल त्याला काम, म्हणजेच रोजगार हमी, ही विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना त्याआधीचीच. दुष्काळानं तिला पाठबळ दिलं. पण मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, मजुरीचे पैसे आणायचे कुठून?

उत्तर मिळालं 1975 मध्ये. नोकरदार आणि व्यावसायिकांवर हाच व्यवसाय कर बसला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं घालायची ठरलं. कामं खेड्यात, वसुली मुख्यतः शहरात. आमदारांचा ग्रामीण भरणा पाहता हे गणित जमलं यात नवल नाही. मुख्यमंत्री तेव्हा नांदेडचे शंकरराव चव्हाण. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

अडचण होती ती घटनेतल्या जुन्या मर्यादेची: माणशी वर्षाला फक्त 250 रुपये. महागाई वाढत गेली, आकडा तिथंच. ही राज्यांची तक्रार अखेर 1988 मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीनं मिटली आणि मर्यादा 2500 झाली. त्या वेळी केंद्रात अर्थमंत्री होते तेच शंकरराव. श्रेय एकट्या महाराष्ट्राला देता येणार नाही, पण योगायोग मात्र बोलका आहे.

पुढं 2005 मध्ये केंद्रानं रोजगार हमीचा कायदा केला, तो महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवूनच. 2006 च्या पहिल्या 200 जिल्ह्यांत नांदेड आणि हिंगोली होते. 2017 मध्ये जीएसटीनं राज्यांचे बरेच कर पोटात घेतले, व्यवसाय कर मात्र बाहेरच राहिला. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत त्याची वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही. आणि मर्यादा अजून तीच, 2500.