लाटांपासून वीज : बोये किती, याआधी बोये कसे मांडावेत?

आमचा कारखाना धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत आहे. लाटांवर चालणाऱ्या वीजयंत्रांचे पोलादी बोये (नांगराला साखळीने बांधलेले तरंगते भाग) आणि साखळ्यांचे जोड आम्ही येथे तयार करतो. चौकशीला येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न 'किती बोये लागतील?' असा असतो. आमची विनंती आहे की, ते कोणत्या रांगेत आणि किती अंतराने ठेवायचे, हे आधी ठरवावे; कारण तेच दहा बोये मांडणी बदलली की कमी-जास्त वीज देतात, आणि नांगर एकदा तळाशी रुतल्यावर जागा बदलणे फार खर्चाचे होते.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरील पवनचक्क्या आपण पाहिल्या असतील. पुढच्या चक्कीमुळे मागचीला वारा कमी पडू नये म्हणून त्या अंतर राखून उभारलेल्या असतात. लाटांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. बोया लाटेतून ऊर्जा घेतो तेव्हा स्वतः वरखाली होताना चहूबाजूंना नव्या लाटाही सोडतो, आणि त्या मागच्या बोयापर्यंतच नव्हे, तर शेजारच्या व पुढच्या बोयापर्यंतही पोहोचतात.

हे आम्ही ग्राहकांना शेततळ्यात दाखवतो. संथ पाण्यात दोन रिकामी पिंपे अर्धी बुडतील इतके वजन घालून सोडायची आणि त्यांतले एक हाताने दाबून मोकळे करायचे. वलये पसरत जातात आणि थोड्याच वेळात, कोणीही हात न लावलेले दुसरे पिंप डुलू लागते. मग दोन्ही पिंपे एका तालात हलवली की मधल्या काही जागी पाणी जास्त उसळते, तर काही जागी ते जवळजवळ हलतच नाही. तिसरे पिंप यांपैकी कोणत्या जागी ठेवायचे, हाच मांडणीचा मूळ प्रश्न आहे.

आता प्रत्यक्ष मापे पाहू. खोल पाण्यात ८ सेकंदांच्या आवर्तकालाच्या, म्हणजे दर ८ सेकंदांनी माथा येणाऱ्या, लाटेची लांबी (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर) सुमारे १०० मीटर असते. उथळ पाण्यात ती कमी होते. वरखाली हलणारा एकटा बोया, लाटेच्या तालाशी त्याची जुळणी कितीही अचूक असली तरी, लाटेच्या लांबीच्या साधारण एक-षष्ठांश, म्हणजे येथे सुमारे १६ मीटर रुंदीच्या पट्ट्यातील ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा घेऊ शकत नाही, आणि व्यवहारात तर त्याहून बरीच कमी मिळते. लाटांची उंची २ मीटर असताना दर मीटर रुंदीमागे सुमारे १६ किलोवॅट शक्ती असते. उंची १ मीटरवर आली की ती चौथा हिस्सा, म्हणजे ४ किलोवॅटच उरते. पावसाळ्यात खवळणारा कोकणचा समुद्र हिवाळ्यात निवळतो, त्यामुळे पावसाळ्यातील आकड्यांवर वर्षाचा हिशेब कृपया मांडू नये.

नेमक्या अंतरावर बोये ठेवले तर एका दिशेच्या लाटांपासून गटाला सुट्या बोयांच्या बेरजेपेक्षा जास्त वीज मिळू शकते, परंतु लाटांची दिशा फिरली की तोच नफा तोट्यात जातो. म्हणून जादा विजेचे आश्वासन आम्ही देत नाही. तोटा टळेल अशी मांडणी आम्ही सुचवतो. ती अशी की, लाटांच्या मुख्य दिशेला आडवी एक रांग धरावी आणि फार तर दुसरी, पहिलीच्या मोकळ्या जागांसमोर बोये येतील अशी ठेवावी. दोन रांगांत लाटेच्या लांबीचा चौथा भाग, म्हणजे वरील उदाहरणात २५ मीटर अंतर राहिले, तर एका रांगेची वीज उतरत असताना दुसरीची चढते आणि पुरवठ्यातील हेलकावे बरेच कमी होतात. मात्र साखळ्या एकमेकींत गुंतू नयेत आणि दुरुस्तीची बोट मधून वळावी, एवढी जागा सोडावीच लागते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अंतर यावरच ठरते.

पोर्तुगालच्या अगुसादौरा येथे २००८ मध्ये प्रत्येकी ७५० किलोवॅटची तीन तरंगती यंत्रे बसवली गेली, पण ती काही महिन्यांतच किनाऱ्याला परत आणावी लागली. याउलट स्पेनमधील मुत्रिकू येथे २०११ मध्ये बंदराच्या लाटारोधक भिंतीतच १६ टर्बाइन बसवली गेली, त्यामुळे नांगरांचा प्रश्नच आला नाही. आपल्याकडे केरळातील विळिंजम येथे १९९१ मध्ये सुरू झालेले १५० किलोवॅटचे यंत्रही लाटारोधक भिंतीलगतच होते. आपल्या जागी अशी भिंत बांधली जाणार असेल, तर आमच्या बोयांची मागणी नोंदवण्याआधी तो पर्याय अवश्य तपासावा.

मागणीसोबत त्या जागेची किमान वर्षभराची लाटांची उंची, आवर्तकाल व दिशा, तसेच पाण्याची खोली आणि तळ रेतीचा की खडकाळ, हे कळवावे. मासेमारीच्या वाटांविषयी तेथील मच्छीमार सोसायटीशी आधीच बोलून घ्यावे. शेततळ्यातील प्रात्यक्षिक पाहायचे असल्यास सकाळी लवकर यावे. दुपारी वारा सुटला की पाण्यावर लहरी उठतात आणि पिंपांची वलये नीट दिसत नाहीत.