वेंकटरामन, कृष्णस्वामी : संशोधन आणि प्रकाशने

कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१–१९८१) हे भारतीय कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. रंगद्रव्ये आणि फ्लेव्होन वर्गातील संयुगे हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) ते पहिले भारतीय संचालक होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) पहिले भारतीय संचालकही तेच. ‘बेकर–वेंकटरामन पुनर्रचना’ या विक्रियेत त्यांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

जन्म आणि सुरुवातीचे शिक्षण मद्रासचे. पुढे ते मँचेस्टरला गेले आणि ब्रिटिश कार्बनी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. फुलांचे आणि लाकडांचे रंग कोणत्या रेणूंमुळे येतात, ते रेणू प्रयोगशाळेत कसे बांधायचे, हे रॉबिन्सन यांच्या तेव्हाच्या कामातले मध्यवर्ती प्रश्न होते. वेंकटरामन यांनी हे प्रश्न उचलले आणि जवळजवळ पन्नास वर्षे सोडले नाहीत. मद्रास, मँचेस्टर, लाहोर, मुंबई, पुणे अशी गावे बदलत गेली, पण त्यांच्या शोधनिबंधांची यादी वाचताना विषय बदलल्यासारखा वाटत नाही.

भारतात परतल्यावर ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. ज्या विक्रियेला पुढे त्यांचे नाव मिळाले ती तिथलीच. तिचे महत्त्व कळण्यासाठी आधीची अडचण पाहावी लागते. फ्लेव्होन म्हणजे वनस्पतींत सर्वत्र आढळणारा, बहुधा फिकट पिवळा असा संयुगवर्ग. तो तयार करण्याची रॉबिन्सन यांच्या प्रयोगशाळेतली पद्धत अशी होती : ऑर्थो-हायड्रॉक्सी कीटोन, अ‍ॅरोमॅटिक आम्लाचे अ‍ॅनहायड्राइड आणि त्याच आम्लाचे सोडियम लवण एकत्र घेऊन बऱ्याच वरच्या तापमानाला तापवायचे. पद्धत उपयोगी होती, पण आतल्या आत नेमके काय घडते ते झाकलेलेच राहत होते.

नव्या पद्धतीत तेच काम दोन सुट्या पायऱ्यांत होते. ऑर्थो-हायड्रॉक्सी अ‍ॅसिटोफेनोनच्या हायड्रॉक्सिल गटावर आधी आम्लाचा गट (अ‍ॅसिल गट) एस्टर रूपात बसवतात. मग तीव्र अल्कधर्म घातला, की शेजारच्या मेथिल गटातला एक हायड्रोजन निघून जातो आणि तिथला कार्बन ऋणभारित होतो. हा कार्बन आपल्याच रेणूतल्या एस्टरवर चाल करतो. मध्ये सहा अणूंचे वलय जुळते, म्हणून ही चाल सोपी जाते. परिणामी अ‍ॅसिल गट ऑक्सिजन सोडून कार्बनवर येऊन बसतो आणि डायकीटोन मिळतो. त्याला आम्लाची जोड दिली, की पाण्याचा एक रेणू निघून वलय मिटते आणि फ्लेव्होन तयार होतो. डायकीटोन मधेच वेगळा काढून पारखता येतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथे आहे. उत्पादन तर मिळतेच, शिवाय मार्गही डोळ्यांना दिसतो.

इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी याच पुनर्रचनेवरचा निबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी महल यांचे छोटे टिपण त्याच वर्षी बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये आले. त्यांचा सविस्तर निबंध १९३४ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्यात अल्कधर्म म्हणून सोडामाइड वापरले होते. हा निबंध एकटादुकटा नव्हता. फ्लेव्होने ज्यात मोडतात त्या क्रोमोन वर्गातील संश्लेषणांवरच्या एका लांबलचक लेखमालेचा तो चौदावा भाग होता. प्रसिद्धी मिळालेली विक्रिया अशा चिकाटीने चालवलेल्या मालेच्या मध्येच कुठेतरी सापडते, ही गोष्ट त्यांच्या नावाबरोबर सहसा सांगितली जात नाही. या निबंधावर आधी सहकाऱ्याचे नाव आहे आणि मग वेंकटरामन यांचे. पुढच्या अनेक निबंधांतही तसेच दिसते. म्हणून केवळ पहिल्या लेखकाच्या नावावरून त्यांचे काम शोधू गेल्यास बरेचसे निसटते.

ही पुनर्रचना आजही वापरात आहे. कर्करोगावर तपासले गेलेले फ्लेव्होपिरिडॉल हे संयुग होखस्ट या जर्मन कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रातील कामातून पुढे आले. त्याच्या काही संश्लेषणमार्गांतही फ्लेव्होनचे वलय याच प्रकारे बांधतात.

यूडीसीटीची सुरुवात १९३३ मध्ये झाली. पहिले संचालक आर. बी. फॉर्स्टर होते. वेंकटरामन १९३४ मध्ये रंगद्रव्यांचे अध्यापक म्हणून तिथे आले आणि १९३८ मध्ये संचालक झाले. हे पद त्यांनी १९५७ पर्यंत सांभाळले. मुंबई तेव्हा गिरण्यांचे शहर होते. लाखो वार कापड रंगत होते आणि त्यासाठी लागणारे रंग मुख्यतः परदेशांतून, विशेषतः जर्मनीतून, येत होते. वनस्पतींच्या रंगांवर काम करणारा रसायनज्ञ अशा ठिकाणी आला, की त्याला सिंथेटिक रंगांकडे वळावेच लागते. वेंकटरामन वळले, पण नैसर्गिक रंग त्यांनी सोडले नाहीत.

त्यांच्या प्रकाशनांत सर्वांत जास्त हाताळले गेलेले म्हणजे ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हे पुस्तक. न्यूयॉर्कच्या अ‍ॅकॅडेमिक प्रेसने पहिले दोन खंड १९५२ मध्ये काढले. मिळून सुमारे १,४०० पाने भरतात आणि ती त्यांनी एकट्याने लिहिली. पुस्तकाची वेळ महत्त्वाची होती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रंगद्रव्यांचे कितीतरी ज्ञान जर्मन कारखान्यांच्या कपाटांत बंद होते. पेटंटे होती, पण त्यांवरून नेमका माल आणि नेमकी कृती कळेलच असे नसे. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तपासणी पथकांनी आयजी फार्बेन या जर्मन रसायन-उद्योगसमूहाच्या कारखान्यांतून जमवलेली माहिती बायोस, फियाट अशा अहवालमालांत खुली झाली. हे अहवाल विस्कळीत होते आणि ठिकठिकाणी विखुरलेले होते. वेंकटरामन यांनी त्यांतली माहिती, पेटंटे आणि संशोधन-वाङ्मय एकत्र आणून संरचनेनुसार लावले. बाजारातल्या नावामागे कोणता रेणू आहे आणि तो कसा तयार होतो, हे एका ठिकाणी सापडू लागले. पुस्तकाचे रशियन भाषांतरही झाले. मुंबईत बसून लिहिलेला ग्रंथ त्या विषयाचा जागतिक आधार व्हावा, याचा अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

तिसरा खंड १९७० मध्ये निघाला. मधल्या अठरा वर्षांत क्षेत्र पालटून गेले होते. कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले आणि एकट्याने सगळा विषय कवेत घेणे अशक्य झाले. म्हणून तिसऱ्यापासूनचे खंड संपादित आहेत, प्रकरणे त्या त्या विषयाच्या जाणकारांची. सहावा खंड (१९७२) तर पूर्ण रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनाच दिला आहे.

१९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याला एनसीएलचे संचालक झाले. १९५० मध्ये उद्घाटन झालेल्या या प्रयोगशाळेचे आधीचे दोन संचालक, जे. डब्ल्यू. मॅकबेन आणि जी. आय. फिंच, परदेशी होते. (हे फिंच म्हणजे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले गिर्यारोहक फिंच.) दोघेही भौतिकी रसायनशास्त्राचे. वेंकटरामन यांच्या काळात तिथे कार्बनी रसायनशास्त्राला मोठे बळ मिळाले. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले आणि संचालकपद त्यांचे यूडीसीटीतले विद्यार्थी बा. द. टिळक यांच्याकडे गेले.

पुण्याच्या कामात दोन धागे ठळक आहेत, आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या वस्तूंचे. पहिला फणसाचा. फणसाच्या खोडाचा गाभा पिवळा असतो. कोकणात ज्याने फणसाच्या लाकडाचा पाट किंवा दार पाहिले आहे त्याला तो रंग आणि वर्षांगणिक त्याचे गडद होत जाणे सांगायला नको. दक्षिण आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रे याच गाभ्याने रंगवत. त्यातला मोरिन हा घटक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळा केला गेला होता. दवे आणि वेंकटरामन यांनी १९५६ मध्ये, म्हणजे मुंबईत असतानाच, आर्टोकार्पिन या फ्लेव्होनवरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. तो दिल्लीहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च’मध्ये आला. संरचना नक्की करायला पुढे आणखी काही वर्षे लागली. रेणू रासायनिक मार्गाने तोडायचा, तुकडे ओळखायचे आणि मग संश्लेषणाने पडताळायचे, असे ते संथ काम होते. १९६५ च्या सुमारास ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’मधल्या निबंधांत मात्र फणसाच्याच गाभ्यातली कित्येक नवी फ्लेव्होने थोडक्या पानांत मांडलेली दिसतात. रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणारे आण्विक चुंबकीय अनुस्पंदनाचे (एनएमआर) यंत्र हाती आल्यावर रसायनज्ञाचे कष्ट किती बदलले, ते हे दोन निबंध शेजारी ठेवले तर लगेच कळते. तिथून काम तुतीच्या सालीपर्यंत गेले. फणस आणि तुती एकाच कुळातले असल्याने रंगद्रव्यांवरून वनस्पतींची नाती जोडता येतात का, हाही प्रश्न त्यांनी हाताळला.

दुसरा धागा लाखेचा. लाखेच्या किड्यापासून राळ मिळते, तसा पाण्यात विरघळणारा तांबडा रंगही मिळतो. या रंगाला लॅकेइक आम्ल म्हणत आणि बराच काळ तो एकच पदार्थ मानला जाई. साठच्या दशकात एनसीएलमध्ये आणि त्याच सुमारास इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात हे मिश्रण उलगडले गेले. ए आणि बी या लॅकेइक आम्लांत अँथ्राक्विनोनचा (तीन जोडलेल्या वलयांचा) सांगाडा तोच आहे, फरक बाजूच्या साखळीच्या टोकाला : बी मध्ये तिथे हायड्रॉक्सिल गट, तर ए मध्ये अ‍ॅसिटिल केलेला अमिनो गट. एवढ्याशा फरकाचे रेणू एकमेकांपासून सुटे करणे हे या कामातले सर्वांत अवघड अंग होते. या निबंधांच्या लेखकांत ए. व्ही. रामा राव यांचे नाव वारंवार येते. ते वेंकटरामन यांचेच पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पुढे औषधांच्या संश्लेषणासाठी नावाजलेले.

साठीनिमित्त शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेला नैसर्गिक व कृत्रिम रंगद्रव्यांवरचा गौरवग्रंथ १९६२ मध्ये निघाला. गोरे, जोशी, सुंठणकर, टिळक ही त्याच्या संपादकांची नावे. निवृत्तीनंतरही वेंकटरामन यांचे संशोधन एनसीएलमध्येच चालू राहिले. सिंथेटिक रंगांच्या विश्लेषणावरचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मूळ मालेचा आठवा खंड १९७८ मध्ये.